नव्या टोपीला जुनं माप

रावेर, पूर्व खानदेश
९ नोव्हेंबर १९५३

रा. रा. पंडितभाऊ यांस,
लीलाधरचा सा. न. वि. वि.

हे पत्र घरी न पाठवता मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर, पाकिटात घालून पाठवतो आहे. कारण ते धुरपदाअक्कांच्या हाती पडलं तर त्यांच्या बहिणीला, म्हणजे आमच्या इंदिरेला, लगेच कळेल.

तुम्ही बंदुकीच्या दुकानात बसता, म्हणून तुम्हालाच विचारतो. मागच्या महिन्यात तुम्ही काडतुसांच्या ज्या नव्या टोप्या पाठवल्या, त्या पितळी काडतुसांत बरोबर बसल्या. दारू आणि छर्रे मी नेहमीच्याच मापाने भरले. परवा संध्याकाळी सातपुड्याकडून डुकरं उतरली आणि मळ्याच्या वरच्या अंगाला केळीचे कंद उकरू लागली. मी बांधावर उभा राहून नेम धरला आणि चाप ओढला. त्यानंतर मी पाण्याच्या पाटात उताणा होतो. बंदूक माझ्या छातीवर होती आणि आमचा रखवालदार सुपडू मला हलवून विचारत होता की मालक, डुकरानं उलटा बार काढला का? डुक्कर तिथेच उभं राहून आमच्याकडे पाहत होतं. मग ते सावकाश निघून गेलं.

इंदिरेला सांगितलं की केळीच्या सोपटावर पाय घसरला. तुम्हाला ठाऊक आहे, दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात काडतुसं भरताना माझ्या अर्ध्या मिशा जळाल्या, तेव्हा तिने मला वचन द्यायला लावलं की घरात काडतुसं भरणार नाही. ते वचन मी आजवर पाळलं आहे. मी मळ्यातल्या खोपीत भरतो. खोप हे घर नव्हे. पण तिला हे समजावत बसण्यापेक्षा न सांगितलेलं बरं, असं मी ठरवलं आहे.

तर चूक कुठे झाली ते कळवावं. टोप्या खराब आहेत की मी म्हातारा झालो?

आपला,
लीलाधर

*

धुळे, पश्चिम खानदेश
१३ नोव्हेंबर १९५३

लीलाधरराव यांस,

टोप्या खराब नाहीत, त्या चांगल्या आहेत, आणि गोम तिथेच आहे. जुन्या विलायती टोप्या येणं बंद झालं. आता दुसऱ्या देशातून वेगळ्याच बनावटीच्या येतात आणि त्यांची ठिणगी जास्त जोरदार असते. दारू तीच, माप तेच, पण जोरदार ठिणगीने सगळी दारू एकदम पेटते आणि नळीत दाब वाढतो. या खेपेला तुम्ही पाटात पडलात. पुढच्या खेपेला नळी फुटून हात जाईल.

टोपी बदलली की जुनं माप विसरायचं. दारू बरीच खाली आणायची, एक बार काढून पाहायचा, आणि बंदुकीला सोसेल तसं अगदी थोडं थोडं वाढवायचं. दुकानाच्या छापील तक्त्यातल्या मर्यादेपुढे कधी जायचं नाही. जुन्या मापाने भरलेली जी काडतुसं उरली असतील ती आधी रिकामी करा. हे नक्की करा.

आणखी एक. दुकानावर पाकिटं पाठवू नका. शेठजी प्रत्येक पाकीट स्वतः फोडतात आणि फुकट सल्ला दिलेला त्यांना आवडत नाही. घरी साधं कार्ड टाका, हिला अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत. मात्र कार्डावर बंदूक, काडतूस, बार यातला एकही शब्द लिहू नका. आमच्या गल्लीतला पोस्टमन कार्डं वाचत वाचत येतो. माझ्या साडूकडे बंदूक आहे हे गेल्या साली फुटलं, तेव्हा अख्ख्या लग्नसराईत लोक वरातीसाठी ती उसनी मागायला दारात उभे होते.

खांद्याला हळद लावा.

पंडित

*

(कार्ड)
रावेर
२० नोव्हेंबर १९५३

पंडितभाऊ यांस सा. न.

टोपी बदलल्यानंतरचा अनुभव कळवतो. तुमच्या सांगण्याप्रमाणे दारू कमी केली. पहिल्या दिवशी इतकी कमी झाली की काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी थोडी वाढवली तेव्हा जरा जोर आला. काल आणखी वाढवली, तेव्हा झोक गेला, पण पडलो नाही. केळीच्या खांबाला धरून उभा राहिलो. कान अजून गुणगुणतात. सुपडू म्हणतो आता पुरे, पण मला वाटतं अजून थोडी सोसेल. जुनी उरलेली डब्यात झाकून ठेवली आहे, ओतून टाकायला जीव होत नाही. सगळं खोपीत उरकतो. घरी जाताना वास जावा म्हणून हात राखेने घासतो. इंदिरेला काही ठाऊक नाही. डुकरं अजून रोज येतात, समोर उभी राहून बघतात.

लीलाधर

*

धुळे
२४ नोव्हेंबर १९५३

चि. सौ. इंदिरा हिस धुरपदाअक्काचा आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. प्रौढ बायांच्या वर्गात मी पहिली आले आणि आता जोडाक्षरंही वाचते. वाचायला शिकले नसते तर बरं झालं असतं, असं या आठवड्यात पहिल्यांदा वाटलं.

तुझ्या यजमानांचं आमच्या यांना कार्ड आलं. हे कामावर होते म्हणून मी वाचलं. दोनदा वाचलं. मग शेजारच्या वच्छलाबाईंना वाचून दाखवलं, की माझंच काही चुकत असेल. त्या म्हणाल्या, “बाई, हाई बठ्ठं दारूनंच काम शे.”

इंदिरा, लीलाधरराव पितात. खोपीत बसून पितात, सुपडूसोबत. कमी करून पाहिली, पण कमी झाली की त्यांना काही वाटत नाही, म्हणून पुन्हा वाढवतात. केळीला धरून उभे राहतात. उरलेली डब्यात लपवली आहे. तुला वास येऊ नये म्हणून राख लावून येतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांना डुकरं दिसायला लागली आहेत. डुकरं समोर उभी राहून बघतात म्हणे. वच्छलाबाईंच्या दिराला शेवटी शेवटी मुंग्या दिसत. डुकरं म्हणजे फारच पुढची पायरी.

टोपी बदलल्यापासून हे सुरू झालं असं ते लिहितात. निवडणुकीनंतर पांढरी टोपी सोडून ते कोणत्या पक्षात गेले ते कळव. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण संगत तिथलीच दिसते.

आमचे हे यात कुठवर आहेत ते मी पाहते आहे. “तुमच्या सांगण्याप्रमाणे” असं कार्डात आहे. मी अजून बोलले नाही.

तू त्यांना काही विचारू नको. पिणारा माणूस विचारल्यावर जास्त पितो, असं आमच्या दारूबंदी मंडळात सांगतात. तुला काय दिसतं तेवढं मला कळव.

तुझी अक्का

*

रावेर
२९ नोव्हेंबर १९५३

ती. सौ. अक्कास इंदिराचा शि. सा. नमस्कार.

पत्र वाचलं आणि आधी तुझ्यावरच राग आला. पंचवीस वर्षांच्या संसारात यांनी ताकाशिवाय काही घेतलेलं मी पाहिलं नाही. तुला तसं खरमरीत लिहायला बसले होते. मग रात्री जेवताना त्यांच्याकडे पाहिलं.

अक्का, उजव्या खांद्यावर हाताएवढा काळानिळा डाग आहे. विचारलं तर म्हणाले घड उचलताना लागलं. पण घड ते डाव्या खांद्यावर घेतात. हाताला राखेचा वास येतो. मी बोलते ते दोनदा सांगावं लागतं. दुपारी खोपीत जातात, आतून कडी लावतात. कमलबाई तिकडे गवत कापायला जाते, ती म्हणाली की मालक फटीतून दिसले. लहानसं माप हातात घेऊन उजेडाकडे धरत होते, त्यात काहीतरी अगदी जपून ओतत होते, आणि थोडं जास्त झालं की परत काढून घेत होते.

माप घेऊन पितात, अक्का. पिण्यातसुद्धा माणूस इतका काटेकोर असेल असं वाटलं नव्हतं. पण त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. पुतण्याशी भांडण झालं तेव्हा त्याच्या घरात पाय ठेवणार नाही म्हणाले, आणि मग त्याच्याच लग्नाला जाऊन ओट्यावर बसून जेवले. शब्द दिला की दिला.

म्हणून मला एकच वाटतं. त्यांच्याकडून शब्द घ्यावा. पण मी घेणार नाही. मला त्यांच्यासमोर उभं राहून तुम्ही पिता का, असं विचारवणार नाही. तू ये. तुमच्या मंडळाची माणसं आण. गावातल्या सगळ्यांनाच शपथ द्यायची आहे असं म्हण, म्हणजे त्यांना एकट्याला वेगळं काढल्यासारखं होणार नाही.

मी त्यांना रोज रात्री उतारा म्हणून लिंबूपाणी देते. ते मुकाट पितात. का देते हे विचारत नाहीत, म्हणजे त्यांना ठाऊक असणार.

तुझी इंदिरा

*

रावेर
१४ डिसेंबर १९५३

पंडितभाऊ यांस सा. न. वि. वि.

तुम्ही मला आधी कळवायला हवं होतं.

गेल्या गुरुवारी धुरपदाअक्का दोन कार्यकर्त्यांना घेऊन आल्या. धुळ्याहून चाळीसगाव, तिथून भुसावळ, असा गाड्या बदलत प्रवास करून आल्या होत्या, तेव्हा मी आनंदाने स्टेशनवर गेलो. संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर सभा झाली. दारूबंदीवर भाषणं झाली. मला पुढे बसवलं होतं. मला वाटलं, मेहुणीने मान म्हणून बसवलं असेल. मग शपथेची वेळ आली आणि अक्का म्हणाल्या की सुरुवात घरापासून व्हावी. मी कधी प्यायलो नाही, मला काय अडचण? उठलो. मारुतीच्या पायाला हात लावून, सगळ्या गावासमोर, खणखणीत आवाजात म्हणालो, “मी दारूला हात लावणार नाही, आणि दुसऱ्याच्या हातात दारू देणार नाही.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंदिरा रडत होती. मला ते जरा जास्त वाटलं.

घरी येताना, चावडीपाशी, माझा पाय थांबला. पंडितभाऊ, मी दारू म्हणालो. कोणती ते म्हणालो नाही. आमच्या खोपीतल्या डब्यावर माझ्याच हाताने खडूने लिहिलेलं आहे, “दारू”.

मी अक्कांना गाठून विचारलं की शपथेत बंदुकीच्या दारूचा समावेश होतो का. तेव्हा त्या माझ्याकडे फार दयेने पाहून म्हणाल्या, “लीलाधरराव, पळवाटा शोधू नका. ती कशातून घेता याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही.” मग त्यांनी तुम्हाला आलेल्या कार्डाचं सांगितलं, आणि मला एकदम सगळं दिसलं.

त्याच क्षणी खरं सांगता आलं असतं. पण शेजारी इंदिरा उभी होती. खोपीत काडतुसं भरतो हे सांगावं लागलं असतं, आणि तिचा चेहरा इतका शांत झाला होता की मला ते सांगवलं नाही.

आता मापाचं काम अर्धवट राहिलं आहे. नवीन काडतूस एकही तयार नाही. जुन्या मापाची डब्यात तशीच पडून आहेत. तुम्ही सांगूनही ती रिकामी केली नव्हती, आता करता येत नाहीत, कारण करायला हात लावावा लागेल.

लीलाधर

*

धुळे
१८ डिसेंबर १९५३

लीलाधरराव,

बंदुकीची दारू ही दारू नव्हे. म्हणजे दारूच, पण ती नव्हे. मारुतीला हे कळतं. तुम्हाला कळत नसेल तर आमच्या गल्लीतल्या कोणत्याही पोराला विचारा.

बायकोला खरं सांगा आणि मोकळे व्हा. तुमच्यामुळे माझी काय अवस्था झाली आहे ती ऐका. “हळूहळू वाढवा” असं मीच तुम्हाला शिकवलं, असं आमच्या घरात ठरलं आहे. मी रोज दुकानातून आलो की हिला तोंडाचा वास द्यावा लागतो. मी सगळं समजावून सांगितलं. टोपी म्हणजे काय, ठिणगी म्हणजे काय, नळीतला दाब म्हणजे काय. हिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, इतकं सुसंगत खोटं माणूस शुद्धीत असताना रचू शकत नाही. परवा मलाही शपथ घ्यायला लावली. मी घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात दोन शेर दारू तोलून विकली. मला काही झालं नाही. तुम्हालाही होणार नाही.

त्या डब्यातल्या काडतुसांचं मात्र लवकर काहीतरी करा. थट्टा बाजूला. ती उडवण्याच्या लायकीची नाहीत.

पंडित

*

रावेर
२७ डिसेंबर १९५३

पंडितभाऊ यांस सा. न. वि. वि.

तुमचा स्वभाव वेगळा, माझा वेगळा. मी हात लावलेला नाही.

डुकरांनी वरच्या अंगाची केळी जवळजवळ संपवली. पिलबाग होती, जुन्या खोडांच्या पिलांवर राखलेली, येत्या पावसाळ्यात घड धरले असते. मी बांधावर डबा बडवतो, तेव्हा ती मान वर करून पाहतात आणि पुन्हा खाली घालतात. त्यांना आता माझी सवय झाली आहे.

दुसरीकडे माझं नाव फार झालं. दारू सोडलेला बागायतदार म्हणून मला बोलावणी येतात. निंभोऱ्याला गेलो, ऐनपूरला गेलो. लोक विचारतात, कशी सुटली? मी उभा राहून खरं तेच सांगतो की मी कधी प्यायलोच नाही. त्यावर टाळ्या पडतात. ऐनपूरला एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला की आमचा रुपचंदही मरेपर्यंत हेच म्हणत होता. तालुक्याच्या दारूबंदी समितीच्या लोकांचं म्हणणं असं की माझ्या तोंडून ते वाक्य फार परिणामकारक होतं, तेव्हा बदलू नये. येत्या ३० तारखेला सावद्याला बोलावलं आहे.

मळा सुपडूवर सोपवला आहे. बंदूक त्याला दिली, कारण बंदुकीची शपथ नव्हती. माझ्या परवान्यात रखवालदार म्हणून त्याचं नाव आहेच. काडतुसं मी दिली नाहीत. डबा काठीने ढकलत खोपीच्या दारापर्यंत नेला आणि बाजूला झालो. त्याने आपणहून उचलला. शपथ मोडली नाही.

तो म्हणतो, डुकरांचा म्होरक्या संध्याकाळी राखणीच्या माळ्याखालूनच जातो. एकदा मोठा बार काढला की पुन्हा यायची नाहीत.

लीलाधर

*

(तार)
धुळे, ३० डिसेंबर १९५३

लीलाधर, रावेर
डब्यातली काडतुसे उडवू देऊ नका. नळी फुटेल. टोपी नवी माप जुने. सुपडूस थांबवा. पंडित

*

रावेर
३ जानेवारी १९५४

ती. सौ. अक्कास इंदिराचा शि. सा. नमस्कार.

आधी सांगते की सगळे सुखरूप आहेत. सुपडूला डाव्या कानाने ऐकू येत नाही, पण डॉक्टर म्हणतात येईल.

बुधवारी दिवस मावळताना तारवाला आला. हे सावद्याला भाषणाला गेले होते. तार म्हटल्यावर मी ती त्याच्याच हातात परत दिली. तारवाल्यानेच वाचून दाखवली. डब्यातली काडतुसे. नळी फुटेल. टोपी नवी, माप जुने. मी त्याला पुन्हा वाचायला सांगितलं. अक्का, तू तुझ्या पत्रात जे जे लिहिलं होतंस ना, ते तिथे ओट्यावर उभ्या उभ्या माझ्या मनात उलटं फिरलं. टोपी म्हणजे काडतुसाची टोपी. दारू म्हणजे ती दारू. खांद्यावरचा डाग, राख, माप, सगळं. आणि डुकरं म्हणजे डुकरं.

हसावं की रडावं हे ठरवायला वेळ नव्हता. सुपडूला थांबवायचं होतं. मी तशीच मळ्याकडे पळत सुटले. या वयात मी पळताना गावाने पहिल्यांदा पाहिलं. केळीत शिरले तेव्हा अंधारून आलं होतं. समोर माळ्यावर सुपडू बंदूक खाली रोखून बसलेला, आणि माळ्याच्या बरोबर खाली, वासराएवढं मोठं डुक्कर. मी ओरडले, “सुपडूभाऊ, उडवू नका!” त्याने दचकून बंदूक वर केली, आणि बार उडाला तो आभाळात.

उजव्या नळीचं तोंड उमललं, कमळासारखं. सुपडू माळ्यावरून मागे गेला आणि खाली पडला तो थेट डुकराच्या पाठीवर. डुकराला आजवर कोणी असं काही केलं नसावं. ते त्याला घेऊन पाटातून धावलं, बांधावर त्याला सोडलं आणि घाबरून समोर गेलं ते सरळ विहिरीत. मी सुपडूजवळ गेले तेव्हा तो बसून होता. म्हणाला, “वयनी, मले वाटलं आभायच फुटलं.” मग मी काय विचारते ते त्याला ऐकू येईना, म्हणून त्याने तेच पुन्हा सांगितलं.

डुक्कर रात्रभर विहिरीत पोहत होतं. पिण्याच्या पाण्याची विहीर, त्यामुळे काढणं भाग होतं. सकाळी बैल जोडले, मोट सोडली. ते आपणहून मोटेत चढून बसलं आणि बैलांनी वर ओढलं. गाव जमलं होतं. वर आल्यावर त्याने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि सातपुड्याकडे न जाता सरळ केळीत गेलं.

हे सावद्याहून रात्रीच आले होते. अंगावर हार होता. मी ओट्यावर तार घेऊन बसले होते. मी म्हटलं, “तुम्ही घरात भरणार नाही असं वचन दिलं होतंत.”

“घरात नाही भरली. खोपीत भरली.”

“मग मला सांगितलं का नाही?”

त्यांनी हार काढून माझ्याशेजारी ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, “सांगितलं असतं तर तू खोपीचंही नाव घेतलं असतंस.”

आणि अक्का, मी नक्कीच घेतलं असतं. मग त्यांनी मला विचारलं की मी पितो असं तुला वाटलं, तेव्हा तू मला का विचारलं नाहीस.  मी म्हटलं, म्हणून तर इतके दिवस लिंबूपाणी देत होते. ते म्हणाले, त्यांना वाटायचं मला त्यांच्या पित्ताची काळजी वाटते, आणि आंबट त्यांना सोसत नाही, पण मी एवढ्या मायेने देते म्हणून प्यायचे. त्यावर मात्र मला रडू आलं.

तुझ्यावर माझा राग नाही. वाचायला तू बरोबरच वाचलंस.

तुझी इंदिरा

*

धुळे
९ जानेवारी १९५४

चि. सौ. इंदिरा हिस आशीर्वाद.

पत्र वाचलं. आमच्या यांनी ते मोठ्याने वाचून दाखवायला लावलं, आणि मधे मधे थांबून माझ्याकडे पाहत होते. मी त्यांना वासातून मोकळं केलं आहे.

पण मला पटत नाही ते सांगते. कार्डात लिहिलं होतं ते मी वाचलं, त्यांनी जे लिहिलं नाही ते मी कुठून वाचणार? आणि शपथ घेतली ती घेतली. उद्या खरोखर प्यायला लागले तर? मंडळाच्या वहीत त्यांचं नाव आहे, ते मी काढू देणार नाही. तालुक्यात त्यांच्याइतकं कोणाचं ऐकत नाहीत.

वच्छलाबाईंना मी अजून काही सांगितलेलं नाही.

तुझी अक्का

*

रावेर
२१ फेब्रुवारी १९५४

ती. पंडितभाऊजी यांस इंदिराचा शि. सा. नमस्कार.

बंदूक पोहोचली. फुटलेला भाग कापून नळ्या नीट तपासून दिल्यात, त्याबद्दल तुमच्या कारागिरालाही सांगा. आखूड झाली आहे, पण मला तशीच हातात बसते.

तुम्हाला नवल वाटेल की हे पत्र मी का लिहिते. काडतुसं आता मी भरते. शपथ यांनी घेतली, मी घेतलेली नाही. अक्कांनी त्या दिवशी बायकांना विचारलंच नव्हतं. यांना सगळ्यांनी समजावलं, देवळातल्या गुरवानेही सांगितलं की ही दारू त्या शपथेत येत नाही. ते ऐकून घेतात आणि म्हणतात, मी दारू असं म्हणालो होतो. त्यामुळे ते खोपीच्या बाहेर खाटेवर बसतात, तुमचं पहिलं पत्र हातात धरून मला वाचून दाखवतात, आणि मी आत भरते.

डब्यातली उरलेली काडतुसं आधी रिकामी केली. मग तुम्ही लिहिलं तसंच केलं. फार खालून सुरुवात केली. पहिला बार अगदीच लेचापेचा निघाला. छर्रे समोरच्या केळीपर्यंतही गेले नाहीत, सुपडूने ते वेचून परत आणून दिले. मग एकेक चिमूट वाढवली. प्रत्येक वेळी बाहेरून विचारणा होते, वाढवली का, किती वाढवली, खांद्याला कसं वाटलं. मर्यादेच्या बरंच अलीकडे थांबले आहे.

परवान्यात माझं नाव घालायला आम्ही मामलेदार कचेरीत गेलो होतो. अर्जात कारण लिहायचं होतं. यांनी खरं तेच लिहिलं, “मी दारू सोडल्यामुळे.” कारकुनाने वाचलं, उठून यांना नमस्कार केला आणि एका दिवसात काम झालं. आता समितीचं अध्यक्षपदही यांच्याकडे आलं आहे. दर रविवारी कुठल्यातरी गावाला जातात आणि मी कधी प्यायलो नाही म्हणून सांगून येतात.

परवा संध्याकाळी डुकरं आली. म्होरक्या पुढे होता. माळ्यावर चढायला मला भीती वाटत होती, म्हणून बांधावरच उभी राहिले. हे माझ्या मागे उभे राहिले आणि दोन्ही हात माझ्या पाठीला लावून धरले. मी म्हटलं, “तुम्हाला चालतं का? काडतुसात दारू आहे.” ते म्हणाले, “मी तुला हात लावतो आहे.”

मी चाप ओढला. धक्का बसला, पण पाय हलले नाहीत. डुक्कर मेलं नाही. त्याच्या पुढ्यातली माती उडाली. त्याने मान वर केली, आमच्या दोघांकडे पाहिलं, आणि या वेळी वळून पळालं, सातपुड्याच्या बाजूला. बाकीची त्याच्या मागे गेली. अजून परत आलेली नाहीत.

“जास्त झाली का?” यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं, “बरोबर आहे.”

तरी त्यांनी हात काढले नाहीत. आम्ही तसेच अंधार पडेपर्यंत बांधावर उभे होतो.

आपली,
इंदिरा